दातखीळ

व्हाइटहेवनच्या बंदरामागे, चढावरच्या गल्लीत
भाड्याच्या गॅरेजांची एक रांग आहे.
सातव्या दाराआड आमसुली रंगाची ट्रायम्फ
चार लोखंडी घोड्यांवर, चाकांवाचून.

विल्फ ब्रेथवेट, वय एक्याऐंशी,
दुधाच्या उलट्या क्रेटवर बसून सांगतो
आणि मी करते.
त्याच्या हातांना आता
कप बशीत वाजवल्याशिवाय ठेवता येत नाही.

तीस वर्षं हा माझ्या खुर्चीत बसला,
मुठी आवळून.
सहा दाढा भरल्या, दोन काढल्या,
एकदा तर 'तोंड उघड' म्हणता म्हणता
माझ्याच दाताच्या कण्या झाल्या.
आज माझ्या मांडीवर त्याच्या गाडीचा कॅलिपर आहे
आणि तो म्हणतो, "सावकाश, डॉक. दुखेल त्याला."

समुद्राची हवा,
वर हिवाळाभर रस्त्यावर ओतलेलं मीठ.
मिठात लोणचं टिकतं. लोखंड नाही.

तीन दट्टे निमूट निघाले.
डावीकडचा आतला,
त्याची दातखीळ बसलेली.
रात्रभर तेल पाजलं, शेक दिला,
लाकडी हातोडीनं चार शब्द समजावले.
शेवटी ग्रीसची पिचकारी जोडून
दांडा दाबत राहिले, दाबत राहिले.
काही नाही.
मग केसाएवढं.
मग एक ओला, ओशाळा आवाज,
आणि तो माझ्या तळहातात:
क्रोम पापुद्र्यांनी सुटलेलं, कडेला काळे खड्डे.
"कीड," मी म्हटलं.
"गोड खाऊन नाही हां," विल्फ म्हणाला.

सीलच्या खाचेसाठी जुनी बॅग उघडली.
निवृत्त झाल्या दिवशी टाकायचा राहिलेला प्रोब,
अजून बोटांना ओळखणारा.
गंज म्हणे सीलच्या मागे साचतो,
सीलला पुढे रेटतो, सील दट्ट्याला आवळतं
आणि नाव होतं दट्ट्याचं.
माझ्या लग्नाबद्दल हे मला
कुणीच सांगितलं नव्हतं.

"पेट्रोल नको! रबर फुगतं!"
बरं बाबा. स्पिरिटनं पुसलं.
टपालानं आलेले नवे स्टीलचे दट्टे,
पहिल्यांदाच पानात मांडलेल्या वाटीसारखे.
ब्रेकच्या तेलात बुडवून, दोन्ही अंगठ्यांनी, सरळ.
कवळी बसल्याचं कळतं
तसं ते अंगठ्यांना कळतं.

लायसन्स त्यानंच फेब्रुवारीत
स्वानसीला पोस्टानं परत धाडलं.
न धावणाऱ्या गाडीला ब्रेक कशाला,
मी विचारलं नाही.
नव्वदीच्या बायका यायच्या माझ्याकडे
पुढचा दात नीट करून घ्यायला.
त्यांनाही कधी विचारलं नाही.

शेवटी हवा काढायची.
त्याला स्टिअरिंगमागे बसवलं,
एकेक मांडी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवली.
मी फरशीवर, पाना आणि नळी,
नळीचं टोक जॅमच्या बरणीत.
"दाब."
"दाबलं."
"धर."
पाव आटा. बुडबुडे.
"आता सोड."
पुन्हा. पुन्हा.

खुर्चीत आमची एक खूण होती,
डावा हात वर म्हणजे थांब.
छत उतरवलेल्या गाडीतून तो हात
अधूनमधून वर येतो.
मी पाना धरून पडून राहते.
बंदरावरच्या पक्ष्यांचा कलकलाट ऐकू येतो.
हात खाली जातो.
"दाब."

कितव्यांदा कोण जाणे,
"दगड," तो म्हणाला. "दगडासारखा लागतोय."

चाकं चढवली, घोड्या काढल्या,
दार उघडून उतारावर सोडली गाडी, तीन फूट.
थांबली.
त्यानं पेडलवरून पाय काढलाच नाही.
मी वाकून पाहिलं:
डाव्या जोडावर एक थेंब,
धरून बसलेला.

"आ कर," मी म्हटलं. मराठीतच.
"काय?"
"काही नाही. दाब."